चौदाव्या दगडापासून पुढे

वेळशी, सोमवार, ६ जानेवारी १९३०

पोहोचलो एकदाचा! राजापुराहून होडीने खाडी उतरलो आणि नाटे बंदरापासून अडीच कोस पायी आलो. सामान गड्याच्या डोक्यावर होते. मोजणीच्या साखळीची पेटी वाहताना त्याने वाटेत तीनदा विचारले, आत सोने आहे का. मी सांगितले, लोखंड आहे. त्याचा विश्वास बसला असे दिसले नाही.

गाव झकास आहे. खाली माडांमध्ये चाळीसेक घरे, वर कातळाचा उघडा सडा आणि सड्यापलीकडे समुद्र. कऱ्हाडच्या माणसाने एवढे पाणी एकदम पाहू नये. मी अर्धा तास नुसता उभा राहिलो आणि गडी माझ्याकडे बघत राहिला. येथील खोताची जमीन आणि तिला लागून असलेल्या इतरांच्या जमिनी मोजून हद्दी कायम करायच्या आहेत. उन्हाळ्याच्या आत आटपेल.

उतरायची सोय आप्पा मास्तरांकडे झाली. शाळेतून निवृत्त झालेले, एकटेच असतात. घर खोताचे, पण खोताने त्यांना हयातभर राहायला दिले आहे. माझे नाव हरिश्चंद्र आहे हे कळल्यावर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले की आता घरात खोटे बोलायची सोय राहिली नाही. मी पुष्कळ दिवसांनी हसलो.

ही वही अक्काने दिली. गोदू गेल्यापासून मी कुणाशी बोलत नाही, निदान कागदाशी तरी बोलावे, असे अक्काचे म्हणणे. गोदू माझी बायको. चैत्रात दोन वर्षे होतील. तर अक्का, घे, बोललो.

गुरुवार, ९ जानेवारी

काम सुरू झाले. साखळी ओढायला शिवा नावाचा चांगला कामसू माणूस मिळाला आहे. तो मुंबईला गिरणीत होता, खोकल्याने परत आला. सकाळी सातला सड्यावर जातो आणि उन्हे चढली की परत येतो. माझे पाऊल बरोबर अडीच फुटांचे पडते. शिवाने दोनदा साखळी लावून खात्री केली आणि गावभर सांगितले. आता मी निघालो की लोक माझ्या पायांकडे बघतात.

लोक वाईट नाहीत, पण मोजणीदाराशी कोण मोकळे बोलणार? मी दारावरून गेलो की आतले बोलणे थांबते. अशा वेळी आप्पा नसते तर वेड लागले असते. संध्याकाळी पडवीत बसून ते कुळथाचे पिठले वाढतात, मला भाकरी थापता येत नाही म्हणून थट्टा करतात, आणि गोष्टींना तर अंतच नाही. शाईचा माणूस! बोटांवर शाईचे डाग आहेत आणि अक्षर असे की पाहत राहावे. मी पेन्सिलीचा माणूस. पेन्सिलीचे खोडता येते, शाईचे नाही, यावर आमचा रोज वाद होतो.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आप्पांनी स्वतः लाडू वळले होते. दगडासारखे झाले होते, पण मी चार खाल्ले. दोन वर्षांत मला कुणी तिळगूळ दिला नव्हता. त्यांनी माझ्या हातावर ठेवला तेव्हा डोळ्यांत पाणी आले. मी कुसळ गेले म्हणालो.

सोमवार, २० जानेवारी

आज गंमत झाली. चौदाव्या आणि पंधराव्या दगडांमधली हद्द कायम करायची होती. एका बाजूला खोताची जमीन, दुसऱ्या बाजूला सोनूबाई नावाच्या विधवेची. बाई पन्नाशीची, ताठ आणि तोंडाची फटकळ आहे.

जागा नीट लिहून ठेवतो. चौदाव्या दगडापाशी दक्षिणेकडे तोंड केले की उजव्या हाताला समुद्र आणि समोर पंधरावा दगड. सरळ मोजले तर दोनशे तीस पावले. पण सरळ जाता येत नाही. एकशेचाळिसाव्या पावलाला घळ लागते. समुद्राने कडा आतपर्यंत कापत आणला आहे. घळ तीस पावले रुंद आहे, आणि खाली थेट समुद्राचे पाणी. म्हणून हद्द चौदाव्यापासूनच डावीकडे वळते, करवंदीच्या जाळीमागून घळीच्या डोक्याला वळसा घालते आणि मग पंधराव्याला मिळते. घळीच्या डोक्याशी झरा आहे. या हद्दीवरून चालताना झरा कायम उजव्या हाताला राहतो, म्हणजे सोनूबाईच्या बाजूला. वैशाखातही न आटणारे सड्यावरचे पाणी एवढेच. तिची चार गुरे, भाजीचा वाफा, सगळे त्यावर.

बाईने हट्ट धरला की नुसत्या साखळीने हद्द ठरत नाही. इथली जुनी चाल अशी, की हद्द ठरवणाऱ्याने अनवाणी व्हायचे, त्या जमिनीतले ढेकूळ डोक्यावर घ्यायचे आणि हद्दीवरून चालत जायचे. जमिनीचा मालक पलीकडच्या दगडापाशी वाट पाहत बसतो. मी आधी हसलो. मग म्हटले, एवढ्याने तिचे समाधान होणार असेल तर आपले काय जाते? बूट काढले, ढेकूळ घेतले आणि चाललो. शिवा हसून हसून खोकत होता. पंधराव्यापाशी बाईने ढेकूळ उतरवून घेतले आणि गंभीरपणे म्हणाली, "सायबानू, आता भुंय तुमका वळाखता. तुमच्या नावावर जी हद्द आसा, तिच्यावरसून भुंय तुमका चालूक लावील."

मी म्हटले, भुई चालायला लावील तर चालेन की. सगळ्या केसांत माती झाली होती.

शनिवार, २५ जानेवारी

नकाशा पेन्सिलीने काढून झाला. आता शाईने गिरवायचा, गिरवलेला तपासायचा आणि मगच सही करायची, असा नियम आहे. पण उद्या पाच दिवसांसाठी नाट्याला दुसऱ्या मोजणीवर जायचे आहे, आणि आप्पा म्हणाले की गिरवायचे काम ते करतील, मी सही तेवढी करून जावी, आल्यावर लखोटा तयार मिळेल. मी थोडा घुटमळलो. ते लगेच म्हणाले, विश्वास नसेल तर राहू दे. त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला भीड पडली. 'ही हद्द मी स्वतः जागेवर चालून कायम केली आहे' या ओळीखाली सही करून दिली. एवढ्या सुबक अक्षरात माझा नकाशा कधी झाला नसता.

शुक्रवार, ३१ जानेवारी

परत आलो. लखोटा तयार होता. पाठवण्याआधी नकाशा एकदा डोळे भरून पाहावा म्हणून उघडला.

चौदावा ते पंधरावा सरळ रेघ आहे. वळसा नाही. झरा खोताच्या बाजूला गेला आहे. पेन्सिलीची माझी रेघ खोडून काढली आहे, पण कागद उजेडात धरला की तिचा वण दिसतो. रेघ थेट घळीवरून जाते, हवेतून! पट्टी लावून ओढणाऱ्याने ती जागा कधी पाहिलेलीच नाही. आणि खाली माझी सही.

आप्पांना विचारले. त्यांनी नाकारले नाही. खोताने सांगितले, आणि या वयात घराबाहेर पडून ते कुठे जाणार? पट्टीने एक रेघ ओढली, त्या कड्यावर चालायला कोण जातो, असे म्हणाले. मग रडले. मी लहान मुलासारखी त्यांची पाठ थोपटली.

मला काम शिकवणारे कुलकर्णी सांगत, आपल्या सहीच्या कागदाला दुसऱ्याचा हात लागलेला दिसला, की त्याच दिवशी लेखी कळवायचे. त्या दिवशी कळवले तर गुन्हा त्याचा, नंतर कळवले तर आपलाही. आज लिहायला हवे. पण लिहिले तर म्हाताऱ्याच्या हातात बेड्या पडतील. आणि मग या गावात माझ्याशी बोलणारे कोण उरेल? लखोटा ट्रंकेत ठेवला आहे. उद्या लिहीन.

रविवार, २ फेब्रुवारी

लिहिले नाही. आप्पांनी सांदणे केली होती. मी मागून घेऊन खाल्ली.

शिवाने विचित्र प्रश्न केला: "सायेब, काल दुपारी सड्यावर डोक्यावर ढेकूळ घेवन खंय चालला व्हतात?" काल दुपारी मी पडवीत बसून अक्काला पत्र लिहीत होतो. तसे सांगितले. तो म्हणाला, मी हाकही मारली, पण तुम्ही वळून पाहिले नाही. त्याला ताप असावा.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी उशीवर लाल माती होती. केसांतही होती. छपरातून पडली म्हणावे, तर छपराची माती अशी ओली नसते.

सड्यावर गेलो. चौदाव्या दगडापासून वाळल्या गवतात एक पायवाट पडली आहे. गुरांची नाही. सरळ जाते. पावले मोजली तर चाळीस भरली, आणि पुढे गवत उभे. मोडलेल्या प्रत्येक जागेवर माझे पाऊल ठेवून पाहिले. अडीच फूट. टाचेला टाच जुळते.

कुणी खोडी करत आहे. माझ्या पावलाचे माप गावाला ठाऊक आहे. खोडीच असणार.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

खोडी कोण करतो ते पाहायचे म्हणून भर दुपारी चौदाव्या दगडावर जाऊन बसलो. सड्यावर माणूस नाही, झाड नाही, लपायला जागा नाही. पायवाट बासष्ट पावलांवर आली होती.

मी पाहत असताना त्रेसष्टावे पडले.

वारा नव्हता. गवत आपोआप दबले, पायाच्या आकाराचे. थोडा वेळ गेला. मग चौसष्टावे. वरून, काही नसताना, मातीचे दोन खडे गवतावर पडले. डोक्यावरच्या ढेकळाचे चालताना पडतात तसे.

पळालो. वाटेत सोनूबाई भेटली. झरा नकाशात खोताकडे गेला हे तिला ठाऊक नाही, मी सांगितलेले नाही. तिने माझ्या केसांकडे पाहिले आणि तिला काहीतरी कळले. तिने सांगितले, तिच्या सासऱ्याच्या वेळी एकाने खोटी हद्द दाखवली होती. आठ-दहा दिवस तो लोकांना त्या हद्दीवर चालताना दिसे आणि त्याच वेळी घरातही असे. शेवटी तो घरात नव्हता. "भुंय ईसरत नाय," म्हणाली. मग हळूच विचारले, सायबांनी काही लिहून दिले आहे का. मी नाही म्हणालो. खोटे बोललो. तिच्या तोंडावर.

शनिवार, ८ फेब्रुवारी

एक्याण्णव.

सुरी घेऊन बसलो होतो. आप्पांची रेघ खरवडायची, माझी पुन्हा काढायची, कुणाला कळणार नाही. लखोट्याला हात घातला आणि थांबलो. सही झालेल्या कागदावर गुपचूप हात चालवायचा म्हणजे आप्पांनी केले तेच. लिहूनच कळवले पाहिजे. दुसरा मार्ग नाही, नव्हताच.

पण आज आप्पा स्वतः होऊन शेजारी येऊन बसले. तिन्हीसांजेला एकट्याने बसवत नाही. उद्या.

पायांचे तळवे दुखतात. काटे निघाले, सात. मी बुटांशिवाय कुठेही गेलेलो नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

अर्ज लिहिला. सगळे लिहिले. मी गिरवण्याआधी सही केली, रेघ माझी नाही, खरी हद्द माझ्या मोजणीच्या टिपणवहीत आहे. चार ओळींचे काम होते! नऊ दिवस लागले.

सोबत लावायला नकाशा काढायला गेलो तर ट्रंकेतला लखोटा रिकामा. काल सुरी घेऊन बसलो, तेव्हाही तो रिकामाच असणार. मी उघडून पाहिलाच नव्हता. आप्पा म्हणाले, नकाशा दुसऱ्या लखोट्यात घालून गुरुवारीच खोताच्या माणसाबरोबर राजापुराला पाठवला. तुम्ही पाठवू नका असे म्हणाला नव्हतात, म्हणाले.

खरे आहे. म्हणालो नव्हतो.

अर्ज आणि टिपणवही शिवाबरोबर रवाना केली. आप्पांना सांगून टाकले. ते उठून आत गेले आणि दार लावून घेतले. जेवायला हाक आली नाही. मीही मारली नाही. घर एवढे मोठे असेल असे वाटले नव्हते.

सोमवार, १० फेब्रुवारी

राजापूरच्या कचेरीचे टपाल आले. नकाशा पोहोचला, सही ताडून दाखल करून घेतला, असे दोन ओळींत. शिवा पोहोचायच्या आधीच. म्हणजे आता ती हद्द माझीच. कागदोपत्री माझी.

एकशेअठरा. घळ एकशेचाळिसाला.

सोनूबाईला सगळे सांगितले. शिव्या देईल वाटले होते, दिल्या नाहीत. खाली बसली. झऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, एकच उपाय. चालीप्रमाणे पुन्हा ढेकूळ घ्या आणि खरी हद्द चाला, आधी चाललात तशी. पूर्ण चाललात तर भुंय ऐकेल. ती पंधराव्यापाशी बसेल. मी सोबतीला पाच-सहा जणांना बोलावून पाहिले. खोताच्या भीतीने कुणी येत नाही.

आप्पांच्या दारावर थाप मारली. आत हालचाल ऐकू आली. दार उघडले नाही. फक्त सोबत हवी होती. सांगायलाही लाज वाटली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी. दुपार.

टिपणवही राजापुरात आहे, म्हणून पावले याच वहीत लिहितो. दर थोड्या पावलांनी थांबून टिपायचे, नेहमीसारखे. डावा हात ढेकळाला, वही पट्ट्याने छातीशी बांधली आहे.

चौदावा दगड. ऊन लख्ख. सोनूबाई पलीकडे जाऊन बसली आहे. डावीकडे वळलो.

२० — ठीक. पायाखाली गवत मोडलेले आहे. गुरे आली असतील.

५० — वारा उजवीकडून. भीती वाटत नाही. गोदूची आठवण येते.

८० — करवंदीची जाळी अजून लागली नाही. आतापर्यंत लागायला हवी.

१०० — झऱ्याचा आवाज आला. डावीकडून. उजवीकडून यायला हवा —

११० — मी वळलो होतो. चौदाव्यापाशी डावीकडे वळलो. वर लिहिले आहे, लिहिले आहे ना —

१२० — समोर सोनूबाई दिसते. जाळीआडून दिसायला नको. उभी आहे. दोन्ही हात हलवते. ओरडते. वाऱ्याने काही —

१३० — मागे फिरायचे आहे. ढेकूळ टाकायचे आहे. डावा हात सुटत नाही. जड झाले आहे, फार जड —

१३६ — लिहितो तोवर पाय थांबतात. लिहायचे थांबले की उचलतात. म्हणून लिहितो. काहीही लिहितो. अक्का, तिळगूळ दगडासारखा होता. मी चार खाल्ले —

१३९ — पुढे गवत नाही. खाली पाणी. पेन्सिलीचे टोक फार थोडे उरले आहे. काय लिहू. त्या दिवशी लिहायचे होते तेच. ही रेघ माझी नाही. ही रेघ माझी नाही. ही रेघ माझी नाही. ही रेघ माझी नाही. सोनूबाई खाली बसली, तोंड झाकले. ही रेघ माझी नाही. ही रेघ माझी